मळ्यांचा हिशेब

एरिक विल्यम्स यांच्या आयुष्याचे 1955 साली दोन तुकडे करण्याची पद्धत पडून गेली आहे. अलीकडे ऑक्सफर्डमध्ये घडलेला इतिहासकार, पलीकडे त्रिनिदाद-टोबॅगोचा पहिला पंतप्रधान. ही वाटणी सोयीची असली तरी पटणारी नाही. विल्यम्स यांनी इतिहास टाकून राजकारण धरले नाही. साम्राज्याच्या दप्तरांना ते जो प्रश्न विचारत आले होते, तोच घेऊन ते चौकात उतरले: यात फायदा कोणाचा झाला? साम्राज्याशी भांडताना हा प्रश्न त्यांच्या फार कामी आला. स्वतःच्या समाजाकडे पाहताना मात्र तो अपुरा पडला, आणि हे त्यांच्या उशिरा लक्षात आले.

पोर्ट ऑफ स्पेनमधल्या टपाल कारकुनाच्या घरी 1911 साली जन्मलेला हा मुलगा शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला गेला आणि 1938 साली डॉक्टर झाला. त्या प्रबंधातून वाढलेले ‘कॅपिटॅलिझम अँड स्लेव्हरी’ 1944 साली अमेरिकेत छापले गेले. ब्रिटनमध्ये निघायला त्याला आणखी वीस वर्षे लागली. कारण उघड आहे. गुलामगिरी संपली ती विल्बरफोर्ससारख्या सज्जनांच्या भूतदयेमुळे, असे ब्रिटन स्वतःला सांगत होते. विल्यम्स यांनी वह्या उघडून दाखवले की गुलामांच्या व्यापारातला पैसा ब्रिटिश उद्योगांत मुरला होता, आणि वेस्ट इंडिजची साखर परवडेनाशी झाल्यावर नीतीला जोर चढला. 1833च्या कायद्याने 2 कोटी पौंडांची भरपाई मंजूर केली, ती मळेवाल्यांना. राबणाऱ्यांच्या हाती काहीच पडले नाही. यावर सर्वांत वजनदार आक्षेप सेमूर ड्रेशर यांचा. 1977 साली त्यांनी आकडेवारीनिशी मांडले की गुलामांच्या व्यापारावर बंदी आली तेव्हा हे मळे डबघाईला आलेले नव्हते, त्यांचा व्यापार चढताच होता. हा आक्षेप उडवून लावता येत नाही. विल्यम्स यांच्या मांडणीचा उत्तरार्ध त्याने खिळखिळा झाला. पण पूर्वार्ध, म्हणजे गुलामांच्या कष्टांचा ब्रिटिश भांडवलातला वाटा किती, हा वाद आजही त्यांच्या पुस्तकाला वळसा घालून करता येत नाही.

जून 1955मध्ये कॅरिबियन कमिशनने त्यांची नोकरी पुढे चालू ठेवली नाही. ते पोर्ट ऑफ स्पेनच्या वुडफर्ड स्क्वेअरमध्ये उभे राहिले आणि घटना, साखर, शिक्षण यांवर व्याख्याने देऊ लागले. गर्दी इतकी जमू लागली की चौकाला विद्यापीठ म्हणण्याची रीत पडली. जानेवारी 1956मध्ये त्यांचा पक्ष निघाला आणि सप्टेंबरात 24 पैकी 13 जागा जिंकून सत्तेवर आला. हा वक्तृत्वाचा खेळ होता, असे त्यांचे विरोधक म्हणत. एप्रिल 1960मधला प्रसंग पाहिला तर तसे वाटेलही. चागुआरामासचा किनारा 1941च्या कराराने 99 वर्षांसाठी अमेरिकेच्या तळाला गेला होता. पावसात मोर्चा निघाला, आणि ज्याने उमेदीची वर्षे दप्तरखान्यांत कागद जपत काढली, त्याने भर चौकात त्या कराराची होळी केली. मात्र जाळण्याआधी त्याने तो कलमाकलमाने वाचला होता, लोकांना समजावला होता. वर्षअखेरीस टोबॅगोत वाटाघाटी झाल्या आणि अमेरिकेने बरीचशी जमीन सोडली. नुसत्या नाटकाने हे साधत नाही.

त्यांचे सर्वांत टिकाऊ काम शाळांचे. माध्यमिक शिक्षण मोफत झाले. 1960च्या समझोत्याने धर्मसंस्थांच्या अनुदानित शाळांतल्या 80 टक्के जागा सामायिक परीक्षेतून भरायच्या ठरल्या, मुख्याध्यापकांच्या मर्जीला 20 टक्के उरल्या. वशिल्याच्या वाटा कोणत्या, हे वसाहतीचा इतिहास चाळलेल्याला वेगळे सांगावे लागत नाही.

आणि तरीही 1958ची वेस्ट इंडिज संघराज्याची निवडणूक हरल्यावर याच माणसाने भारतीय वंशाच्या विरोधी मतदारांना आडमुठे, वैरभावी अल्पसंख्य म्हटले. 1845 ते 1917 या काळात सुमारे 1 लाख 44 हजार माणसे, बहुतेक पूर्व उत्तर प्रदेश आणि बिहारकडची, मजुरीच्या करारावर त्रिनिदादला उतरली होती. गुलामांची जागा गिरमिटियांनी भरली, हे विल्यम्स यांच्याइतके कोणाला ठाऊक? एका पराभवाच्या रागातले बोल म्हणून ते सोडून द्यावेत, असे त्यांचे चाहते सुचवतात. मला ते पुरेसे वाटत नाही. मळ्यावर कोण आले, का आले, किती मजुरीवर आले, हे त्यांना पक्के माहीत होते. पण आलेल्यांनी सोबत आणलेले देव, भाषा आणि भीती हिशेबाच्या वहीत चढत नाहीत. 31 ऑगस्ट 1962च्या स्वातंत्र्यासाठी काही आठवड्यांत लिहून काढलेल्या देशाच्या इतिहासात त्यांनी भारतीयांच्या योगदानाची सन्मानाने नोंद केली, आणि यापुढे भारतमाता नको, आफ्रिकामाताही नको, असे बजावले. विचार उदात्त खरा. पण ज्यांना चार वर्षांपूर्वी परके ठरवले, त्यांना तो हुकमासारखा वाटला तर नवल नाही.

1970 साली त्यांच्याच वंशाचे तरुण ‘ब्लॅक पॉवर’च्या घोषणा देत रस्त्यावर आले. सत्ता काळ्यांच्या हाती, मग बँका आणि साखर अजून परक्यांच्या हाती का? हा तर विल्यम्स यांचाच प्रश्न होता. उत्तरादाखल आणीबाणी आली, लष्करातल्या एका गटाने बंड केले, ते मोडले गेले. मराठी वाचकाला 1971चे पोर्ट ऑफ स्पेन आठवते ते सरदेसाईंच्या शतकामुळे आणि गावसकरांच्या पदार्पणामुळे. त्याच वर्षीच्या मे महिन्यात विरोधकांनी बहिष्कार घातलेल्या निवडणुकीत विल्यम्स यांच्या पक्षाने 36 पैकी 36 जागा घेतल्या. मतदान करायला जेमतेम एक तृतीयांश लोक आले होते. दोन वर्षांनी त्यांनी निवृत्ती जाहीर केली, ती मागेही घेतली. तेवढ्यात तेलाचे भाव कडाडले आणि पैशांची ददात मिटली. मार्च 1981मध्ये पंतप्रधानपदावर असतानाच ते गेले.