फळ्यांखालचा डेक

२९ जून २००३. शिकागोच्या लिंकन पार्क भागातल्या राइटवुड अव्हेन्यूवर, एका तीनमजली इमारतीत शनिवारी रात्री सुरू झालेली पार्टी मध्यरात्र उलटली तरी रंगात होती. आत गर्दी झाली, उकडू लागलं, तशी तरुण मंडळी मागच्या लाकडी पोर्चवर येऊन उभी राहिली. वरच्या मजल्याचा पोर्च खालच्यावर कोसळला आणि तोही माणसांसकट खाली गेला. १३ जणांचा जीव गेला, पन्नासहून अधिक जखमी झाले. सुरुवातीला सगळ्यांच्या तोंडी एकच कारण होतं: गर्दी फार झाली. शहराच्या तपासात मात्र वेगळंच पुढे आलं. अधिकाऱ्यांच्या म्हणण्याप्रमाणे हा पोर्च १९९८ मध्ये परमिट न काढता बांधला होता, त्याचा आकार नियमापेक्षा मोठा होता आणि त्याला दिलेले आधार अपुरे होते.

गर्दीला दोष देणं सोपं असतं. पण असा पोर्च किंवा डेक बांधायचाच असतो गर्दीसाठी.

घराच्या मागच्या दाराला लागून, जमिनीपासून दोन-तीन फुटांपासून ते एका मजल्याच्या उंचीपर्यंत बांधलेला उघडा लाकडी मंच म्हणजे डेक. अमेरिकी उपनगरांत तो सर्रास दिसतो. न्यू जर्सीतल्या एडिसन, प्लेन्सबरोपासून कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटपर्यंत मराठी कुटुंबांच्या घरांनाही तो आहेच. उन्हाळ्यात भारतातून आलेले आई-बाबा सकाळचा चहा तिथेच घेतात, एखादी आजी हौसेनं कुरडया वाळत घालते आणि मराठी मंडळाच्या लोकांचं पॉटलक जेवण असलं की तीस-चाळीस माणसं एकाच वेळी डेकवर असतात. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांनी स्वीकारलेल्या आदर्श बांधकाम-संहितेप्रमाणे डेकनं दर चौरस फुटाला किमान ४० पौंड भार पेलला पाहिजे. १२ बाय १६ फुटांच्या मध्यम डेकचा हिशेब केला तर हा भार ७,६८० पौंड, म्हणजे साधारण साडेतीन टन होतो. चाळीस धडधाकट माणसांचं वजन याहून कमीच भरेल. नियमाप्रमाणे बांधलेला डेक पॉटलकला घाबरत नाही.

मग चुकतं कुठे? बहुतेक वेळा कॉन्ट्रॅक्टर पहिल्यांदा घरी येतो तेव्हाच. तो सोबत रंगांचे नमुने घेऊन येतो. राखाडी बरा की सागवानी, कठड्याला काळ्या ॲल्युमिनियमच्या सळ्या की काच, पायऱ्यांत दिवे बसवायचे का, यावर तासभर चर्चा रंगते. फळ्या लाकडाच्या हव्यात की काँपोझिटच्या, हा तर घराघरातला वादाचा विषय. भुसा आणि पुनर्वापरातलं प्लॅस्टिक यांच्या मिश्रणातून बनणाऱ्या या फळ्या कुजत नाहीत, दर दोन वर्षांनी रंगवाव्या लागत नाहीत, आणि त्यांच्यावर पंचवीस-पंचवीस वर्षांची वॉरंटी मिळते. ती वॉरंटी फळीची असते. फळी ज्या सांगाड्यावर बसते तो बहुधा साध्या, औषध मुरवलेल्या लाकडाचाच असतो आणि त्याबद्दल त्या तासाभरात कुणी चकार शब्द काढत नाही. पैसा दिसणाऱ्या भागावर जातो आणि काटकसर होते ती न दिसणाऱ्या भागात. डेकच्या बाबतीत होणाऱ्या निम्म्या चुकांचं मूळ इथेच आहे.

न दिसणाऱ्या भागांत सर्वांत महत्त्वाची एक आडवी फळी असते. घराच्या भिंतीला लागून बसवलेल्या या फळीला लेजर बोर्ड म्हणतात. डेकची एक बाजू खांबांवर उभी असते आणि दुसरी या लेजरवर. डेक कोसळण्याच्या घटनांत पुन्हा पुन्हा सापडणारं कारण म्हणजे लेजर भिंतीपासून सुटणं, आणि तो सुटतो कारण तो नुसत्या खिळ्यांवर ठोकलेला असतो. खिळा वरून येणारं वजन बऱ्यापैकी झेलतो. पण बाहेरच्या बाजूला ओढ बसली की सरळ निसटतो. माणसं कठड्याला टेकून उभी राहतात, कुणी ठेका धरून नाचतं, तेव्हा डेक नेमका बाहेर ओढला जातो. म्हणून लेजर आरपार बोल्टनं किंवा त्यासाठीच बनवलेल्या जाड स्क्रूंनी, ठरावीक अंतरावर, घराच्या मूळ चौकटीत बसवायचा असतो. दर्शनी विटांच्या पातळ थरात तो अडकवायची पद्धत तर साफ चुकीची आहे. त्या विटा दिसायला भक्कम, पण त्या घराचं वजन पेलत नाहीत. मग डेकचं काय पेलणार? अशा घराला सरळ स्वतःच्या खांबांवर उभा राहणारा, भिंतीवर न विसंबणारा डेक करून घ्यावा. दोन खांबांचा खर्च वाढतो, एवढंच.

लेजरचा दुसरा शत्रू पाणी. भिंत आणि लेजर यांच्या फटीत पावसाचं आणि वितळत्या बर्फाचं पाणी शिरू नये म्हणून वरून पत्र्याची किंवा प्लॅस्टिकची दुमडलेली पट्टी, फ्लॅशिंग, बसवतात. ही पट्टी किरकोळ किमतीची असते आणि घाईच्या कामात नेमकी तीच राहून जाते. पुढची काही वर्षं काहीच कळत नाही, कारण लाकूड आतून कुजत असतं.

ही कूज काय करू शकते ते १६ जून २०१५ रोजी कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत दिसलं. तिथल्या एका अपार्टमेंट इमारतीची वरच्या मजल्यावरची बाल्कनी वाढदिवसाची पार्टी चालू असताना तुटली आणि सहा तरुण मृत्युमुखी पडले. त्यातले पाच उन्हाळी कामासाठी आलेले आयरिश विद्यार्थी होते. इमारत दहा वर्षांचीही नव्हती. बाल्कनी पेलणाऱ्या लाकडी तुळया पाणी मुरून पार कुजल्या होत्या. या प्रकरणात आणखी एक गोष्ट उघड झाली आणि ती कॉन्ट्रॅक्टर निवडणाऱ्या प्रत्येकानं लक्षात ठेवावी अशी आहे. इमारत बांधणाऱ्या कंपनीनं आधीच्या सदोष कामांचे मोठमोठे दावे पैसे देऊन तडजोडीत मिटवले होते. पण राज्याच्या परवाना मंडळाकडे त्याची नोंदच नव्हती, कारण तशी माहिती देण्याचं बंधन नव्हतं. २०१८ मध्ये कॅलिफोर्नियानं दहा लाख डॉलर किंवा त्याहून मोठ्या तडजोडींची माहिती मंडळाला कळवणं सक्तीचं केलं आणि त्याच वर्षी अपार्टमेंट इमारतींच्या लाकडी बाल्कन्या, डेक आणि जिन्यांची ठरावीक काळानं तपासणी करून घेण्याचाही कायदा झाला. ऑनलाइन नोंद स्वच्छ दिसली म्हणजे पूर्वेतिहास स्वच्छ असतोच असं नाही.

जुन्या डेकचा सांगाडा ठेवून वरच्या फळ्या तेवढ्या बदलून देतो, असं सांगणारे कॉन्ट्रॅक्टरही भेटतात. प्रस्ताव स्वस्त असल्यानं मोह पडतो. तेव्हा डेक कोणत्या साली बांधला ते आधी पाहावं. २००३ संपेपर्यंत घरगुती कामाच्या लाकडात आर्सेनिकयुक्त औषध मुरवलेलं असे. ते बंद झाल्यावर आलेल्या औषधांत तांब्याचं प्रमाण जास्त आहे आणि तांबं साध्या लोखंडी खिळ्यांना, पातळ मुलाम्याच्या पट्ट्यांना खाऊन टाकतं. तेव्हापासून जाड जस्ताचा मुलामा दिलेलं किंवा स्टेनलेस स्टीलचं सामान वापरावं लागतं. नवं लाकूड आणि जुने खिळे अशी जोडी ज्या डेकमध्ये असेल, त्यावर हजारो डॉलरच्या नव्या फळ्या चढवणं म्हणजे पैसे वाया घालवणं. हॉट टबची हौस असेल तर हिशेब आणखी बदलतो. ४०० गॅलन पाण्याचंच वजन दीड टनाच्या घरात जातं, वर टब आणि त्यात बसणारी माणसं. तो कुठे ठेवणार हे कॉन्ट्रॅक्टरला आधीच सांगायला हवं.

परमिटचा मुद्दा आला की एक वाक्य हमखास कानावर पडतं: “एवढ्याशा कामाला परमिट कशाला? उगाच महिना जाईल आणि टॅक्स वाढेल.” काही जण जास्त गोड बोलतात: “परमिट तुमच्या नावानं काढा, स्वस्त पडतं.” दोन्ही ऐकल्यावर चहा पाजून निरोप द्यावा. घरमालकानं स्वतःच्या नावानं परमिट काढलं की कामाची जबाबदारीही बरीचशी त्याच्याच गळ्यात येते, आणि परवाना नसलेल्या माणसाला नेमकं तेच हवं असतं. परमिट म्हणजे नुसता कागद नव्हे. त्यामुळे टाउनशिपचा, म्हणजे स्थानिक पालिकेचा, इन्स्पेक्टर काँक्रीट ओतण्याआधी खड्डे मोजायला येतो. हिवाळ्यात जमीन जिथपर्यंत गोठते त्याच्याखाली पाया जावा लागतो, नाहीतर गोठणारी माती खांब वर उचलते. ही खोली शिकागोत ४२ इंच आहे, मिनेसोटाच्या उत्तर भागात ६०. काँक्रीट पडल्यावर खाली किती खोल खणलं ते कोण सांगणार? खणण्याआधी ८११ या क्रमांकावर कळवलं की जमिनीखालच्या गॅस आणि विजेच्या लाइनी खुणा करून मिळतात, तेही फुकट. घर विकायची वेळ आली की बिनपरमिटचा डेक खरेदीदाराच्या तपासनिसाच्या नजरेतून सुटत नाही, तेव्हाचा मनस्ताप वेगळाच. घरमालकांची असोसिएशन असेल तर तिची मंजुरी ही आणखी एक स्वतंत्र गोष्ट. टाउनशिपचं परमिट असलं तरी ती लागतेच.

आता पैसे. इथे प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा आहे आणि ओळखीतल्या कुणाच्या अनुभवावर विसंबून चालत नाही. कॅलिफोर्नियात कॉन्ट्रॅक्टरला आगाऊ म्हणून १,००० डॉलर किंवा कराराच्या दहा टक्के, यातली कमी असेल तीच रक्कम घेता येते. ३०,००० डॉलरच्या डेकसाठी कुणी १०,००० आधी मागितले तर तो पहिल्याच दिवशी कायदा मोडतो आहे. मेरीलंड आणि मॅसॅच्युसेट्समध्ये साधारण एक-तृतीयांशाची मर्यादा आहे. मेरीलंडमध्ये फसलेल्या घरमालकांना भरपाई देणारा निधीही आहे, पण काम परवानाधारकाकडून करून घेतलं असेल तरच. न्यू जर्सीत घरदुरुस्तीच्या कॉन्ट्रॅक्टरला राज्याकडे नोंदणी करावी लागते. ‘१३व्हीएच’नं सुरू होणारा तो क्रमांक करारावर आणि जाहिरातीवर हवा, ५०० डॉलरपेक्षा मोठं काम लेखी करारानंच व्हायला हवं, आणि सही केल्यावर तीन कामकाजी दिवसांत करार मोडायचा हक्क ग्राहकाला असतो. टेक्सासमध्ये मात्र सर्वसाधारण बांधकाम कॉन्ट्रॅक्टरला राज्याचा परवानाच लागत नाही. डॅलस-ह्यूस्टनकडे राहणाऱ्यांना सगळी चौकशी स्वतःच करावी लागते.

भारतातून गेलेल्या माणसाला सर्वांत चकित करणारा प्रकार म्हणजे लीन. घरमालकानं कॉन्ट्रॅक्टरला पूर्ण पैसे चुकते केले, पण कॉन्ट्रॅक्टरनं लाकूड पुरवणाऱ्याचं बिल बुडवलं, तर अनेक राज्यांत तो पुरवठादार थेट घरावर बोजा चढवू शकतो. आपण पै न् पै दिली, हे उत्तर तिथे पुरत नाही. उपाय सोपा आहे, फक्त तो पैसे देण्याआधी करायचा: प्रत्येक हप्त्याबरोबर कॉन्ट्रॅक्टरकडून, आणि शेवटच्या हप्त्याला लाकूडवाल्याकडूनही, पैसे मिळाल्याचं आणि दाव्याचा हक्क सोडल्याचं लेखी पत्र घ्यायचं. इन्शुरन्सचंही तसंच. कॉन्ट्रॅक्टर मोबाइलवर दाखवतो तो प्रमाणपत्राचा फोटो पुरेसा नाही. प्रमाणपत्र त्याच्या विमा एजंटकडून थेट मागवावं आणि त्यात कामगारांचा विमा आहे का ते बघावं. शिडीवरून पडलेला मजूर विम्याविना असेल, तर दावा घरमालकाकडे वळू शकतो.

राहिला तो व्हॉट्सअॅप ग्रुप. “आमचा डेक त्यांनीच केला, एकदम मस्त माणूस!” अशा शिफारशी मराठी ग्रुपवर चटकन मिळतात आणि त्यांत खोटं काही नसतं. पण गेल्या उन्हाळ्यात झालेला डेक मस्तच दिसणार. त्यामुळे कॉन्ट्रॅक्टरला त्यानं पाच-सहा वर्षांपूर्वी केलेल्या डेकचा पत्ता विचारावा, तिथल्या मालकाची परवानगी घेऊन डेकच्या खाली वाकून बघावं. लेजरवर बोल्टची डोकी रांगेनं दिसतात का? लोखंडी आधारांवर गंज आहे का? भिंतीलगतच्या लाकडात स्क्रू-ड्रायव्हरचं टोक सहज रुततं का? अमेरिकन वुड कौन्सिलची ‘डीसीए ६’ ही डेक-बांधणीची सचित्र मार्गदर्शिका इंटरनेटवर मोफत मिळते. ती आधी चाळून गेलं की काय बघायचं ते कळतं, आणि कॉन्ट्रॅक्टरला प्रश्न विचारताना चाचपडावं लागत नाही. लेजर कशानं बसवणार, फ्लॅशिंग कसलं, पाया किती खोल, हे तीन प्रश्न विचारल्यावर चांगला कारागीर खूश होतो, कागदावर रेघोट्या ओढून समजावतो. दुसरा म्हणतो, “त्याची काळजी तुम्ही करू नका.”

तीन कॉन्ट्रॅक्टरांच्या एस्टिमेटमध्ये दहा-दहा हजारांचा फरक असेल तर तो कुठून आला हे याच प्रश्नांनी कळतं. करारात लाकडाची मापं, तुळयांमधलं अंतर, खांबांची संख्या, बोल्टचा प्रकार, जुना डेक पाडून नेण्याचा खर्च, सगळं लिहून घ्यावं आणि शेवटचा हप्ता जरा मोठाच ठेवावा. काम आटोपलं, अंगण झाडून झालं, कॉन्ट्रॅक्टर हसतमुखानं उभा आहे, म्हणून चेक फाडायचा नसतो. इन्स्पेक्टर शेवटचा येऊन गेला आणि टाउनशिपचं अंतिम मंजुरीपत्र हातात आलं, की मग उरलेले पैसे.