मिठाच्या पिशवीवरचे आयोडेट

मिठाच्या पिशवीमागे बारीक अक्षरांत घटकांची यादी छापलेली असते. मीठ, गुठळ्या होऊ नयेत म्हणून घातलेला पदार्थ आणि पोटॅशियम आयोडेट. शाळेच्या प्रयोगशाळेत आपली ओळख झालेली असते ती पोटॅशियम आयोडाइडशी. ते साधे, सुटसुटीत संयुग आहे. मग मिठात आयोडाइड न घालता आयोडेट का घालतात? याचे उत्तर एकट्या आयोडीनपाशी मिळत नाही. त्यासाठी फ्लोरीन, क्लोरीन, ब्रोमीन आणि आयोडीन असा सगळा गोतावळाच समजून घ्यावा लागतो.

‘हॅलोजन’ या ग्रीक मुळाच्या शब्दाचा अर्थ मीठ घडवणारे. आवर्तसारणीच्या 17व्या गणातल्या या मूलद्रव्यांच्या सर्वांत बाहेरच्या कवचात 7 इलेक्ट्रॉन असतात. आठवा मिळाला की कवच भरते. क्लोरीनने तो सोडियमकडून घेतला की आपल्या ताटातले मीठ तयार होते. उणीव सगळ्यांची सारखीच, ओढ मात्र सारखी नाही. फ्लोरीनच्या अणूत 2 कवचे, क्लोरीनच्या 3, ब्रोमीनच्या 4, आयोडीनच्या 5. बाहेरचे कवच केंद्रकापासून जितके लांब, तितकी केंद्रकाची पकड सैल. पॉलिंग यांच्या मापनावर विद्युतऋणता, म्हणजे इलेक्ट्रॉन ओढण्याची ताकद, याच क्रमाने 3.98, 3.16, 2.96 आणि 2.66 अशी उतरते.

अणूचा आकार वाढतो तसे रेणू मात्र एकमेकांना अधिक घट्ट धरतात. फ्लोरीन उणे 188 अंश सेल्सिअसला उकळते, क्लोरीन उणे 34ला, ब्रोमीन 59ला आणि आयोडीन 184ला. म्हणून आपल्या हवामानात पहिली दोन वायू, ब्रोमीन लालसर तपकिरी द्रव आणि आयोडीन काळपट, चकाकणारे स्फटिक.

ही उतरंड आकड्यांपेक्षा शोधांच्या इतिहासात अधिक ठळक दिसते. निसर्गात ही मूलद्रव्ये सहसा इलेक्ट्रॉन मिळवून बसलेल्या रूपातच सापडतात. त्यांना मोकळे करायचे तर तो इलेक्ट्रॉन काढून घ्यावा लागतो. 1811 मध्ये पॅरिसमध्ये बर्नार कूर्त्वा बंदुकीच्या दारूसाठी सोरा बनवत होते. समुद्रशेवाळाच्या राखेच्या द्रावणात त्यांनी सल्फ्युरिक आम्ल जरा जास्त ओतले आणि जांभळ्या वाफा निघाल्या. आयोडीन एवढ्यावरच सुटले. तेच आम्ल मिठावर ओतले तर हायड्रोजन क्लोराइड मिळते, क्लोरीन नाही.

ब्रोमीनला आम्लापेक्षा कडक पाहुणचार लागला. 1826 मध्ये माँपेलिए इथे आंत्वान बालार यांनी मिठागरात मीठ काढून उरलेल्या कडवट पाण्यात क्लोरीन सोडले. क्लोरीनने ब्रोमाइडचा इलेक्ट्रॉन ओढून घेतला आणि ब्रोमीन बाहेर पडले. पुस्तकात ज्याला विस्थापन अभिक्रिया म्हणतात ती हीच. खुद्द क्लोरीन शेले यांनी 1774 मध्ये मँगनीजच्या खनिजाची हायड्रोक्लोरिक आम्लाशी गाठ घालून मिळवले होते. ते मूलद्रव्य आहे हे डेव्ही यांनी 1810 मध्ये ठामपणे सांगितले.

फ्लोरीनपुढे मात्र सगळी आम्ले आणि खनिजे हरली. त्याच्या मागे लागून काही संशोधकांनी प्रकृती गमावली, काहींनी प्राण. अखेर 26 जून 1886 रोजी आंरी म्वासाँ यांनी अतिशीत, निर्जल हायड्रोजन फ्लोराइडमध्ये पोटॅशियमचा फ्लोराइड क्षार विरघळवून त्यातून वीज सोडली आणि फ्लोरीन मोकळे केले. त्यांना 1906चे नोबेल मिळाले. केवळ रासायनिक मार्गाने फ्लोरीन मिळवायला 1986 उजाडले.

इथे एक अपवाद लक्षात ठेवण्यासारखा आहे. सुट्या अणूला इलेक्ट्रॉन मिळाल्यावर बाहेर पडणारी ऊर्जा क्लोरीनची अधिक आहे : मोलमागे 349 किलोज्यूल, फ्लोरीनची 328. फ्लोरीनच्या चिमुकल्या अणूत आधीच इलेक्ट्रॉनांची दाटी असते, म्हणून असे होते. तरीही अभिक्रियेत फ्लोरीनच वरचढ ठरते, कारण त्याच्या रेणूतला बंध दुबळा असतो आणि तयार होणारा लहानसा आयन पाण्याशी किंवा स्फटिकात फार घट्ट बांधला जातो.

गावच्या पाण्यातही हीच उतरंड काम करते. विहिरीत टाकलेल्या टीसीएल पावडरीतले क्लोरीन जंतूंमधले इलेक्ट्रॉन ओढून त्यांना मारते. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या काही भागांत मात्र खडकातून पाण्यात उतरलेले फ्लोराइड दात आणि हाडे बिघडवते. लिटरमागे 1.5 मिलिग्रॅमच्या वर ते घातक मानले जाते. कितीही टीसीएल टाका, पाणी कितीही उकळा, ते जात नाही. क्लोरीनला फ्लोराइडचा इलेक्ट्रॉन काढता येत नाही आणि फ्लोराइड काही जंतू नव्हे. म्हणून त्यावर गाळणीचे वेगळे उपाय किंवा वेगळा पाणीस्रोतच शोधावा लागतो.

आता पिशवीकडे येऊ. 1956पासून हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात डॉ. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी काही भागांना आयोडीनयुक्त, तर एका भागाला साधे मीठ पुरवून पाहिले. आयोडीनयुक्त मीठ खाणाऱ्यांत, आयोडीनच्या अभावी होणारा गलगंड लक्षणीय घटला. 1962 मध्ये देशाचा गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. पण आयोडीन मिठात टिकले तरच उपयोग. उतरंडीत तळाशी असलेल्या आयोडाइडची इलेक्ट्रॉनवरची पकड सर्वांत सैल. मिठातला मॅग्नेशियमचा क्षार दमट हवेतले पाणी ओढतो, हवेतला ऑक्सिजन आयोडाइडचा इलेक्ट्रॉन काढून घेतो आणि आयोडीन उडून जाते. आयोडेटमध्ये आयोडीनचे इलेक्ट्रॉन आधीच ऑक्सिजनकडे झुकलेले असतात, त्यामुळे हवेला काढून घेण्यासारखे फारसे उरत नाही. शरीरात गेल्यावर त्याचे पुन्हा आयोडाइड होते आणि थायरॉइड ग्रंथी ते वापरते.

आयोडेटसारखे संयुग फ्लोरीनचे होऊच शकत नाही. ते ऑक्सिजनलाही इलेक्ट्रॉन देत नाही. आयोडीन देऊ शकते, म्हणून ते मिठात टिकते. किलोभर मिठात आपल्या हाती येईपर्यंत किमान 15 मिलिग्रॅम आयोडीन असायला हवे. कोकणातल्या पावसाळी स्वयंपाकघरातही एवढी चिमूट टिकून राहते, ती पकड सैल असलेल्या या मूलद्रव्याच्या देतेपणामुळे.