बॅटरी उपाशीही नको, आकंठही नको



म्हसवडला १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली, तेव्हा आपल्या भागातल्या कितीतरी बायका अंगठ्यावरून सहीवर येत होत्या. आज गटाची बचत, कर्ज, हप्ते सगळं संगणकावर चढतं. ग्रामसंघाच्या कपाटात वह्यांच्या शेजारी लॅपटॉप येऊन बसला आहे. पण लाईट गेली म्हणून वही बंद पडत नाही, लॅपटॉप पडतो. मग मजुरी बुडवून हप्ता भरायला आलेली बाई तशीच परत जाते. म्हणून आज बॅटरीबद्दल बोलू.

सातारा-सांगलीच्या गावांत फिरताना आम्हाला एक वाक्य सारखं ऐकू येतं. ‘ताई, नवा होता तेव्हा तीन-चार तास चालायचा, आता वायर काढली की लगेच मान टाकतो.’ बॅटरी जुनी होणारच, ते थांबवता येत नाही. पण ती लवकर म्हातारी होऊ नये, हे बरंचसं आपल्या हातात आहे.

लॅपटॉपमध्ये आणि मोबाईलमध्ये असते ती लिथियम-आयन बॅटरी. १९९१ साली ती पहिल्यांदा बाजारात आली. ती घडवणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. चार्ज करताना लिथियम बॅटरीच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जातं, वापरताना परत येतं. प्रत्येक येण्याजाण्यात थोडी झीज होते. बॅटरी अगदी रिकामी किंवा काठोकाठ भरलेली राहिली, की आत ताण पडतो आणि झीज वाढते. माणसाच्या पोटासारखंच आहे. रोज कडक उपास आणि रोज आकंठ जेवण, दोन्ही बाधतं.

‘बॅटरी पूर्ण उतरू द्यावी, मगच चार्जिंगला लावावी’ असं पुष्कळजणी सांगतात. हा सल्ला जुन्या निकेल-कॅडमियम बॅटरीचा. आताच्या बॅटरीला तो लागू नाही. २० टक्क्यांच्या आसपास आली की लावावी, ८० च्या आसपास काढावी. मध्येच थोडं थोडं चार्ज केलं तरी काही बिघडत नाही. दोनदा पन्नास-पन्नास टक्के वापरली, तर तो एकच पूर्ण फेरा धरला जातो.

मग लाईटचा भरवसा नसलेल्या गावात काय करायचं? बैठकीच्या किंवा कर्जवाटपाच्या दिवशी सकाळी १०० टक्के भरून घ्या, त्यात काही वावगं नाही. वाईट आहे ते भरलेली बॅटरी दिवसेंदिवस तशीच वायरीला लावून ठेवणं. बॅटरी भरली की चार्जिंग आपोआप थांबतं हे खरं, पण भरलेपणाचा ताण राहतोच. बऱ्याच लॅपटॉपमध्ये ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय असते. कॉलेजात जाणाऱ्या एखाद्या लेकीकडून ती चालू करून घ्या, आणि बैठकीच्या आदल्या दिवशी तेवढी बंद करा.

आता सगळ्यात मोठा शत्रू, तो म्हणजे उष्णता. माण, खटाव, आटपाडी, जत इथला उन्हाळा आपल्याला ठाऊक आहे. हवा पस्तीस अंशांच्या वर गेली की बॅटरीची झीज झपाट्याने वाढते. भरलेली बॅटरी तापली तर नुकसान आणखी जास्त. म्हणून पत्र्याच्या खोलीत भर दुपारी चार्जिंग नको, सकाळी किंवा रात्री करा. गोधडीवर, गादीवर लॅपटॉप ठेवू नका, खालची हवेची भोकं बुजतात. पाटावर किंवा टेबलावर ठेवा. पिशवीत घालून चार्जिंगला लावू नका, आणि गाडीच्या डिकीत उन्हात तर मुळीच सोडू नका. वळवाचा पाऊस आला, विजा चमकू लागल्या, की आधी पिन काढा.

सुगीत महिनाभर काम बंद राहणार असेल, तर बॅटरी निम्मी भरून, लॅपटॉप पूर्ण बंद करून थंड कोरड्या जागी ठेवा. अधूनमधून बघा, फार उतरली असेल तर परत निम्मी करा.

एक धोक्याची खूण लक्षात ठेवा. झाकण नीट बसेना, बोट फिरवायची जागा वर उचलली गेली, तर बॅटरी फुगली आहे. लॅपटॉप लगेच बंद करा, चार्जिंगला लावू नका, दाबू नका, टोचू नका. आग लागू शकते. अशी बॅटरी उकिरड्यावर किंवा घंटागाडीत टाकू नका, दुरुस्ती केंद्रात जमा करा.

आणि बॅटरी गेली म्हणजे लॅपटॉप गेला, असं नाही. बहुतेक लॅपटॉपची बॅटरी बदलून मिळते. नवा घ्यायचा ठराव करण्याआधी बॅटरीचा अहवाल काढून घ्या. नवी असताना बॅटरीत किती मावत होतं आणि आता किती मावतं, हे दोन आकडे त्यात दिसतात. बदलायची झाली तर त्याच मॉडेलची, पक्क्या बिलावर घ्या.

पुढच्या बैठकीत एवढं ठरवा, की चार्जिंगची जबाबदारी एकीकडेच राहील, आणि तिचं नाव ठरावाच्या वहीत लिहा. सगळ्यांच्या पैशातून आलेली वस्तू आहे. कुणीतरी बघेल म्हटलं, की कुणीच बघत नाही.