एम १९११ पिस्तुलातील स्प्रिंगची पुनर्जोडणी : कार्य व दक्षता

जॉन ब्राउनिंग यांनी रचना केलेले एम १९११ पिस्तूल अमेरिकी सैन्याने १९११ मध्ये स्वीकारले. अमेरिकेत अनेक नागरिक ते घरीच खोलून स्वच्छ करतात. नळीखालील स्प्रिंग ही गोळी झाडल्यावर मागे सरकलेली स्लाइड पुन्हा पुढे आणते. पुनर्जोडणीत ही स्प्रिंग टोपणासह आत दाबून नळीच्या तोंडाशी असलेले बुशिंग त्यावर फिरवावे लागते. टोपण अडवून धरणारा भाग तोच होय. तत्पूर्वी अंगठा निसटल्यास टोपण वेगाने उडून डोळ्यास गंभीर इजा होऊ शकते. म्हणून खोलण्यापूर्वीच मॅगझिन काढून कक्ष रिकामा असल्याची खात्री करणे व जोडणीच्या वेळी संरक्षक चष्मा वापरणे आवश्यक ठरते. सारांश, काडतूस नसतानाही दाबलेल्या स्प्रिंगमधील स्थितिज ऊर्जा इजा करण्यास पुरेशी असते.