रुपयाचा प्रश्न, मजुराचा प्रश्न

मध्य प्रदेशातील महू हे गाव आम्हां किनारपट्टीच्या लोकांना परके नाही. तेथील लष्करी छावणीत १४ एप्रिल १८९१ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म झाला. त्यांचे मूळ गाव मात्र रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यातील आंबडवे. त्याच महूच्या शेजारी आज पीथमपूरची औद्योगिक वसाहत उभी आहे. तेथील वाहने, सुटे भाग व औषधे परदेशी जातात. व्यापार वाढला, हे निर्विवाद. त्यातले मजुराच्या पदरात किती पडले, हा खरा प्रश्न आहे.

स्टॉल्पर व सॅम्युएल्सन यांच्या १९४१ च्या सिद्धान्तावरून असे मानले गेले की, जेथे मजूर विपुल, तेथे खुल्या व्यापाराने साध्या मजुराची मजुरी वाढेल व विषमता घटेल. अनुभव निराळा आला. मेक्सिकोने १९८५ च्या सुमारास दारे उघडली, तेव्हा कुशल व अकुशल कामगारांच्या वेतनातील अंतर रुंदावले. व्यापाराबरोबर नवी यंत्रेही येतात. यंत्राला जाणकार हात लागतो आणि त्याचाच भाव चढतो. साधा हात कंत्राटदाराच्या दारी तिष्ठत राहतो. आपल्या संघटित कारखान्यांत २०००-०१ मध्ये सुमारे २० टक्के कामगार कंत्राटी होते. २०२२-२३ मध्ये ते प्रमाण ४० टक्क्यांवर गेले.

महूच्या या सुपुत्राने १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिला. रुपया स्वस्त झाला की निर्यातदाराला लाभ होतो; पण तो परक्या देशाकडून नव्हे, देशातल्याच मजुराकडून येतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. किमती आधी चढतात, मजुरी मागाहून रखडत येते. शतक लोटले, तरी हा हिशेब जुना झालेला नाही.

दारे पुन्हा बंद करा, असे आम्ही म्हणणार नाही. बंद दारांआडही मजूर सुखी नव्हता. परंतु समान कामाला समान वेतन हे तत्त्व कंत्राटी कामगारांविषयीच्या १९७१ च्या केंद्रीय नियमांतच लिहिलेले होते. ते कागदावरून कारखान्यात उतरविणे हे सरकारचे कर्तव्य आहे. साध्या हाताला कौशल्य देणे, हेही तितकेच निकडीचे.

आपल्या किनाऱ्यावर निर्यातीची कोळंबी सोलणारी बाई वजनावर मजुरी घेते. देशाच्या निर्यातीचे आकडे जाहीर होतील, तेव्हा तिच्या मजुरीचा आकडाही कोणीतरी विचारावा, एवढीच आमची मागणी आहे.