मोडलेले जुळते, झिजलेले का नाही?

गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर, फराळाच्या गडबडीत, आमची आई न्हाणीघरात घसरली आणि डावे मनगट मोडून बसली. सहा आठवड्यांनी प्लास्टर निघाले. हाड छान जुळले होते. घरात पेढे वाटले गेले. पण आई गंभीरच. म्हणाली, "अरे, मोडलेलं हाड दीड महिन्यात जुळलं. मग न मोडलेले गुडघे दहा वर्षं का रे बरे होत नाहीत? तू एवढा एम. ए. झालेला, सांग पाहू!"

मराठीच्या एम. ए.ला गुडघा हा विषय नसतो. 'हाडाचा शिक्षक', 'हाडाची काडे' एवढीच काय ती आमची अस्थिविद्या! शेवटी मी आमच्या कॉलेजातल्या प्राणिशास्त्राच्या प्राध्यापकांना गाठले. त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली एक काच सरकवली आणि म्हणाले, "बघा, तुमचं हाड."

वाचकहो, मला दिसली ती चक्क रांगोळी! एकात एक वर्तुळे, मध्ये भोक. त्याच्या शेजारी तसेच दुसरे, मग तिसरे. अशा एका वर्तुळाची रुंदी मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्याएवढी. क्लॉप्टन हॅव्हर्स या इंग्रज वैद्याने 1691 साली आपल्या ग्रंथात हाडातल्या अशा बारीक वाटांचे वर्णन केले, म्हणून मधल्या भोकाला त्याचेच नाव मिळाले आहे. त्यातून रक्तवाहिन्या जातात. वर्तुळांच्या रेघांवर काळे ठिपके दिसतात, त्या पेशींच्या खोल्या. जुन्या वाड्यात खोलीतून खोलीत दार असावे, तशा या खोल्या केसाहून बारीक बोळांनी जोडलेल्या.

आणि हा वाडा कधी स्वस्थ नसतो. काही पेशी जुने हाड विरघळवून काढतात, त्यांच्या मागोमाग दुसऱ्या येऊन नवे रचतात. आपल्याकडच्या रस्त्यांचेही असेच चालते. फरक एवढाच, की येथे उकरणाऱ्यांच्या पाठोपाठ भरणारे खरोखरच येतात! प्रौढ माणसाच्या सांगाड्याचा सुमारे दहावा हिस्सा दर वर्षी असा नवा होतो. तेव्हा हाड मोडले, तरी गवंडी आणि रसद दोन्ही जागेवर हजर असतात.

सणासुदीला हे बोलू नये. पण वडिलांच्या अस्थी उचलताना त्या बोटांत चुरल्या होत्या, हे मला तेथेच आठवले. प्राध्यापक म्हणाले, "हाडात वजनाने दोनतृतीयांश भाग खनिजांचा. बाकीच्यात मुख्यतः चिवट धागे. आगीत धागे जळतात आणि ठिसूळ खनिज उरतं. उलट कोंबडीचं हाड काही दिवस व्हिनेगारमध्ये ठेवा. खनिज निघून जातं आणि हाड रबरासारखं वाकतं." म्हणजे आपण ज्याला अस्थी म्हणून हात जोडतो, तो जिवंत वस्ती उठून गेलेला वाडा असतो.

मग त्यांनी दुसरी काच लावली. ही कूर्चा, म्हणजे सांध्यात हाडांच्या टोकांवर असते ती गुळगुळीत गादी. येथे रांगोळी नाही. काचेसारखे फिकट मैदान आणि त्यात दूर दूर, एकट्या-दुकट्या पेशी. मी विचारले, "रक्तवाहिन्या कुठे आहेत?"

"नाहीतच. मज्जातंतूही नाहीत. दुखतं ते आसपासचं आणि खालचं हाड."

गुडघ्यातली ही गादी काही मिलिमीटर जाडीची. तीत बहुतेक पाणीच, धाग्यांच्या जाळीत धरून ठेवलेले. मग तिने जगावे कशावर? सांध्यातल्या वंगणावर. पाऊल टेकले की गादी दाबली जाते व थोडे पाणी बाहेर येते. पाऊल उचलले की स्पंजासारखी ती ते पुन्हा शोषते. या ये-जा करणाऱ्या पाण्याबरोबर पेशींना अन्न पोचते. पण इजा झाली, की ना रक्त येते, ना पुरेशा पेशी. कूर्चा एकदा नष्ट झाली की भरून येत नाही, हे विल्यम हंटरने 1743 साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडले होते. आजही मूळच्या तोडीची कूर्चा उगवून आणणे वैद्यकाला नीट साधलेले नाही.

घरी येऊन आईला सारे सांगितले. 'झिजतील' या भीतीने तिने चालणेच सोडले होते. देवळातही रिक्षाने जायची.

"म्हणजे चालणं हेच गुडघ्याचं जेवण म्हण की!"

"हो, पण झेपेल तेवढंच, आणि डॉक्टरांना विचारून."

ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "अगं बाई! दहा वर्षं जपते जपते म्हणत मी त्यांना उपाशीच ठेवलं की रे!"

डॉक्टरांनी व्यायाम सांगितले, थोडे थोडे चालायला सांगितले. झिजलेले परत आलेले नाही. जिना उतरताना ती अजून कठडा धरते. पण यंदा फाटकाजवळची पणती लावायला ती नातीला पाठवणार नाही. "मीच जाईन," म्हणते, "त्यांचीही दिवाळी आहे!"