सभेची भेरी : आणीबाणीतील हक्करक्षक आणि आपण

मढ येथील उपासकांच्या अभ्यासवर्गात संविधानातील मूलभूत हक्कांवर विवेचन चालू असता एका तरुणाने आम्हांस प्रश्न विचारला. तो म्हणाला, “आमच्या घरातील वडीलधारी माणसे सांगतात की, आणीबाणीत गाड्या वेळेवर धावत होत्या, कचेऱ्यांत साहेब वेळेवर येत होते, साठेबाज गजाआड गेले होते. मग ज्यांनी तिला विरोध केला त्यांनी नेमका कशासाठी तुरुंग पत्करला?” प्रश्न प्रामाणिक होता. परतीची वर्सोव्याची होडी गाठावयाची असल्याने त्या दिवशी आम्ही त्रोटक उत्तर देऊन उठलो. ते उत्तर अपुरे होते, ही रुखरुख राहिली. म्हणून हा लेख.

वस्सकाराचा प्रश्न

दीघनिकायातील महापरिनिब्बान सुत्ताचा आरंभ एका राजकीय प्रश्नाने होतो. मगधराज अजातशत्रूला वज्जींचे गणराज्य नष्ट करावयाचे होते. भगवंतांचे मत जाणून घेण्यासाठी त्याने आपला महामात्य वस्सकार याला गृध्रकूट पर्वतावर पाठविले. भगवंतांनी वस्सकाराला सरळ उत्तर दिले नाही. मागे उभे राहून वारा घालणाऱ्या आनंदालाच त्यांनी प्रश्न विचारले. वज्जी वारंवार सभा भरवितात काय? एकोप्याने जमतात, एकोप्याने उठतात आणि एकोप्याने कामे करतात काय? जो नियम केलेला नाही तो केला असे न मानता आणि जो केलेला आहे तो न मोडता वागतात काय? वृद्धांचा मान राखतात काय? कुलस्त्रिया व कुमारिका यांच्यावर बळजबरी तर करीत नाहीत ना? चैत्यांचा सत्कार आणि अर्हतांचे रक्षण करतात काय? हे सात नियम पाळले जातील तोवर वज्जींची वृद्धीच होईल, हानी होणार नाही, असा भगवंतांचा निर्वाळा आहे.

या सातांपैकी पहिले दोन नियम सभेविषयी आहेत आणि तिसरा कायद्याविषयी. सैन्य, खजिना व तटबंदी यांचा त्यांत उल्लेखही नाही. वस्सकाराला त्याचा अर्थ नेमका कळला. अट्ठकथेत पुढील हकीकत येते. वस्सकार हद्दपार झाल्याचे सोंग करून वैशालीत राहिला आणि तीन वर्षांत त्याने वज्जींमध्ये परस्परांविषयी संशय पेरला. मग सभेची भेरी वाजविण्यात आली, तेव्हा कोणीही जमले नाही. अजातशत्रूचे सैन्य त्यानंतर आले. गणराज्य त्यापूर्वीच संपले होते.

१९७५ : भेरी कशी मुकी झाली

१२ जून १९७५ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाने पंतप्रधान इंदिरा गांधी यांची लोकसभेवरील निवड रद्द ठरविली. २५ जूनच्या रात्री ‘अंतर्गत अशांतते’चे कारण दाखवून कलम ३५२ अन्वये आणीबाणी जाहीर झाली. २७ जून रोजी कलम ३५९ खाली राष्ट्रपतींचा आदेश निघाला. कलमे १४, २१ व २२ यांतील हक्कांसाठी न्यायालयात दाद मागण्याचा अधिकार त्या आदेशाने स्थगित केला. ही बाब नीट समजून घेतली पाहिजे. हक्क संविधानाच्या पानावर तसेच होते, मात्र ते मागण्याचे दार बंद करण्यात आले होते.

९ डिसेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बोलताना बाबासाहेबांनी आजच्या कलम ३२ ला, म्हणजे न्यायालयात दाद मागण्याच्या हक्काला, संविधानाचा आत्मा आणि हृदय म्हटले होते. दाद मागता येत नसेल तर हक्काची भाषा निरर्थक ठरते, हे त्यांचे प्रतिपादन १९७५ साली लक्षावधी लोकांनी अनुभवले. येथे एक गोष्ट आम्ही झाकून ठेवू इच्छित नाही. आणीबाणीची तरतूदही त्याच संविधानात होती आणि बाबासाहेबांनी संविधान सभेत तिचे समर्थन केले होते. राष्ट्रावरील खऱ्या संकटासाठी ठेवलेले ते हत्यार सत्ता टिकविण्यासाठी वापरले गेले. संविधान कितीही चांगले असो, ते राबविणारे वाईट निघाले तर ते वाईट ठरते, असे त्यांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी बजावून ठेवले होते.

शहा आयोगाच्या अहवालानुसार ‘मिसा’ या कायद्याखाली ३४,९८८ माणसे स्थानबद्ध झाली, तर भारत संरक्षण नियमांखाली ७५,८१८ जणांना अटक झाली. ‘मिसा’त अशी दुरुस्ती करण्यात आली की, स्थानबद्धाला कारण सांगण्याचेही बंधन शासनावर उरले नाही. आपल्या विनयाशी हे ताडून पाहावे. संघातील वाद मिटविण्याच्या सात पद्धतींमध्ये पहिली ‘सम्मुखाविनय’ ही आहे. ज्याच्यावर आरोप आहे तो समोर असल्यावाचून निर्णय होत नाही. जे संरक्षण अडीच हजार वर्षांपूर्वी एका सामान्य भिक्षूला होते, ते विसाव्या शतकात स्वतंत्र भारताच्या नागरिकाला राहिले नव्हते.

ज्यांनी भेरी वाजविली

प्रथम मुंबईच्या वकिलांची गोष्ट. नागरी स्वातंत्र्य व कायद्याचे राज्य या विषयावर १९७५ साली त्यांनी बंदिस्त सभागृहात एक सभा योजिली होती. मुंबई उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला त्यांच्यासोबत होते. पोलीस आयुक्तांनी परवानगी नाकारली. एन. पी. नथवानी आदींनी उच्च न्यायालयात धाव घेतली आणि न्यायालयाने तो आदेश रद्दबातल ठरविला. न्यायमूर्ती मदन व कानिया यांच्या खंडपीठाने १९७६ साली मिनू मसानी यांच्या ‘फ्रीडम फर्स्ट’ या नियतकालिकावरील अभ्यवेक्षकाचे मनाई हुकूमही अवैध ठरविले. एका सभागृहातील सभा आणि एका छोट्या मासिकातील काही लेख, एवढ्यासाठी हे लढे झाले. पण वज्जींचा पहिला नियम याहून निराळे काय सांगतो?

दुसरे नाव दुर्गाबाई भागवत यांचे. बौद्ध विद्येच्या अभ्यासकांना त्यांची ओळख करून देण्याचे कारण नाही. थेरवादी विनयातील न्यायपद्धतीवरील त्यांचा इंग्रजी प्रबंध १९३९ साली प्रसिद्ध झाला. जातककथा त्यांनी मराठीत आणल्या. डिसेंबर १९७५ मध्ये कऱ्हाडच्या मराठी साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्ष होत्या आणि केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण स्वागताध्यक्ष होते. जयप्रकाश नारायण त्या वेळी मुंबईच्या जसलोक रुग्णालयात आजारी होते. त्यांच्या प्रकृतीसाठी दुर्गाबाईंनी त्या व्यासपीठावरून सर्वांना प्रार्थना करण्याचे आवाहन केले. लेखनस्वातंत्र्यावरील घाल्याविरुद्ध त्या उघडपणे बोलत राहिल्या. १९७६ साली एशियाटिक ग्रंथालयात वाचन करीत असता त्यांना अटक झाली. ज्या विदुषीने विनयातील आरोप, सुनावणी आणि निर्णय यांचा अभ्यास केला होता, तिलाच विनाचौकशी तुरुंगात टाकण्यात आले.

आमच्या काही वाचकांना येथे १९७२ साल आठवेल. ‘साधना’ साप्ताहिकातील राजा ढाले यांच्या ‘काळा स्वातंत्र्यदिन’ या लेखावर दुर्गाबाईंनी कठोर आक्षेप घेतला होता आणि त्या वादाची कटुता आजही पुरती ओसरलेली नाही. ती ओसरावी असा आमचा आग्रह नाही. आमचे म्हणणे इतकेच की, तो वाद उघडपणे, छापील शब्दांत होऊ शकला. चार वर्षांनंतर दुर्गाबाईंनी ज्या स्वातंत्र्यासाठी अटक पत्करली, त्याच स्वातंत्र्यात ढाले यांचा तो लेख लिहिला गेला होता.

तिसरे नाव या उपनगरांतील घराघरांत परिचित असलेल्या मृणालताई गोरे यांचे. पाण्यासाठी आणि महागाईविरुद्ध गोरेगाव-मालाड भागांतील स्त्रियांना त्यांनी रस्त्यावर आणले होते. आणीबाणीत त्या काही काळ भूमिगत राहिल्या आणि नंतर स्थानबद्ध झाल्या. १९७७ साली उत्तर मुंबईने त्यांना लोकसभेवर पाठविले.

चौथे नाव सासवडच्या वि. म. तारकुंडे यांचे. मुंबई उच्च न्यायालयाचे हे माजी न्यायमूर्ती स्थानबद्धांचे वकीलपत्र घेऊन सर्वोच्च न्यायालयात उभे राहिले. नऊ उच्च न्यायालयांनी स्थानबद्धांचे अर्ज ऐकता येतात असा निर्णय दिला होता. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मताने तो फिरविला. पोलिसाने एखाद्याला बेकायदा ठार मारले तरी आणीबाणीत दाद मागता येणार नाही काय, असे विचारले असता सरकारच्या महान्यायवादींनी ते मान्य केले होते. एकटे न्यायमूर्ती हं. रा. खन्ना विरोधात राहिले. जानेवारी १९७७ मध्ये त्यांची ज्येष्ठता डावलून दुसऱ्यास सरन्यायाधीश नेमण्यात आले, तेव्हा त्यांनी राजीनामा दिला. इकडे निकाल हरल्यावरही तारकुंडे थांबले नाहीत. आणीबाणी चालू असतानाच, ऑक्टोबर १९७६ मध्ये, जयप्रकाशांच्या प्रेरणेने नागरी स्वातंत्र्य व लोकशाही हक्कांसाठी लोकसंघटना स्थापन झाली आणि तिच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता.

कृपा आणि हक्क

आता आपल्या चळवळीकडे वळणे भाग आहे. आणीबाणीत आपल्यापैकी अनेकजण सरकारच्या बाजूस होते. रिपब्लिकन पक्षाचा गवई गट काँग्रेससोबत होता. पँथरचे थोर कवी नामदेव ढसाळ यांनी इंदिरा गांधींचे समर्थन केले, ‘प्रियदर्शिनी’ हे काव्य लिहिले. यामागे केवळ स्वार्थ होता असे म्हणणे अन्यायाचे होईल. वीस कलमी कार्यक्रमात भूमिहीनांना जमिनीचे आश्वासन होते. वेठबिगारी नष्ट करणारा कायदा १९७६ चा आहे. अस्पृश्यतेविरुद्धचा १९५५ चा कायदा कडक होऊन नागरी हक्क संरक्षण कायदा झाला, तोही १९७६ मध्येच. ज्याला गावाने पाणी नाकारले होते त्याला दिल्लीचा कणखर हात आधार वाटला, तर नवल नाही.

परंतु त्याच वर्षाची दुसरी बाजू पाहावी. मानखुर्दजवळील जनता कॉलनी अणुसंशोधन केंद्राला लागून होती. जोकिन अर्पुथम यांच्या नेतृत्वाखाली तेथील रहिवासी ती वाचविण्यासाठी अनेक वर्षे झगडले. १७ मे १९७६ रोजी ती वस्ती पाडून सुमारे ७०,००० माणसांना चित्ता कॅम्पच्या दलदलीत हलविण्यात आले. वरून मिळालेली वस्तू वरूनच काढून घेता येते. सत्ताधाऱ्याच्या मर्जीने जे मिळते ती कृपा आणि सत्ताधाऱ्याची मर्जी नसतानाही न्यायालयात जे मागता येते तो हक्क. चवदार तळ्यावर बाबासाहेब कृपा मागावयास गेले नव्हते. राजकारणातील भक्ती अधःपतनाकडे व अखेर हुकूमशाहीकडे नेते, हा त्यांचा इशारा विभूतिपूजेपुरता मर्यादित नाही. कृपेवर संतुष्ट राहणाऱ्या प्रत्येक समाजाला तो उद्देशून आहे. १९७७ च्या निवडणुकीत बी. सी. कांबळे यांना मुंबई दक्षिण-मध्यने लोकसभेवर पाठविले, हे पाहता सामान्य आंबेडकरी मतदाराला हा भेद कळला होता असे आम्हांस वाटते.

नंतरचा हिशेब

२१ मार्च १९७७ रोजी आणीबाणी उठली. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने ‘अंतर्गत अशांतता’ हे कारण काढून ‘सशस्त्र उठाव’ असे शब्द घातले. जीविताचा व व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही, असेही ठरविले. न्यायमूर्ती खन्नांचे एकट्याचे मत २०१७ साली नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने ग्राह्य मानले आणि १९७६ चा निर्णय रद्द केला. हे सारे त्या मूठभर माणसांचे देणे आहे.

तथापि दार बंद करण्यासाठी आणीबाणीच जाहीर करावी लागते असे नाही. एल्गार परिषद प्रकरणात डॉ. आनंद तेलतुंबडे १४ एप्रिल २०२० रोजी, म्हणजे भीमजयंतीस, तपास यंत्रणेच्या स्वाधीन झाले. जामिनावर ते बाहेर आले २६ नोव्हेंबर २०२२ रोजी, म्हणजे संविधानदिनी. त्याच प्रकरणातील वयोवृद्ध फादर स्टॅन स्वामी यांचे ५ जुलै २०२१ रोजी मुंबईत कोठडीत असतानाच निधन झाले. आरोप खरे की खोटे हे ठरविणे न्यायालयाचे काम आहे. पण निवाड्याआधीच वर्षे उलटतात तेव्हा ‘सम्मुखाविनय’ कोठे राहिला, हे विचारणे आपले काम आहे.

मढच्या त्या तरुणाला आमचे उत्तर असे आहे : गाड्या वेळेवर धावत असतीलही, पण त्या वेळेवर धावल्या नसत्या तर ते विचारण्याची सोय उरली नव्हती. ती सोय राहावी म्हणून त्या माणसांनी तुरुंग पत्करला. त्यांच्यातील अनेकजण आपले नव्हते, काही तर आपले टीकाकार होते. तरीही भेरी त्यांनी सर्वांसाठी वाजविली. पुढच्या वेळी ती वाजेल तेव्हा कोणाच्या हाताने वाजते हे न पाहता सभेस जाणे, हाच अप्रमाद होय.

भवतु सब्ब मंगलं.